पश्चिम उतारावरचे कंद

९ फेब्रुवारी, रविवार

जेवताना पुन्हा तेच. टेकडी मंडळाचं ठरलंय, यंदा पावसाळ्यात पश्चिम उतारावर झाडं लावायची. "तेवढीच जागा रिकामी राहिलीये," पप्पा म्हणाले. रिकामी! चार पावसाळे मी त्या उतारावर गुडघे टेकून गवताच्या काड्या मोजतेय आणि घरातला माणूस त्याला रिकामी जागा म्हणतो.

म्हटलं, तिथे गवत आहे. तर म्हणे, गवत काय, कुठेही उगवतं. म्हटलं, त्या गवतात कंदीलपुष्प आहे, या टेकडीवर दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही. "मग झाडांच्या सावलीत छान वाढेल की."

आई मध्ये पडली. "अहो, ती गवताची डॉक्टर होतेय आणि तुम्ही झाडांचे मुकादम. आता जेवा दोघं."

यावर थांबायला हवं होतं. नाही थांबले. तुम्ही लावलेल्या गिरिपुष्पाखाली कधी वाकून बघितलंय का, पप्पा? काही उगवत नाही तिथे. वाळका पाला आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. पप्पा ताट घेऊन उठले. मी शाळेत होते तेव्हापासून हा माणूस खडकीच्या फॅक्टरीतून पाळी संपवून विश्रांतवाडीला यायचा आणि घरात न शिरता पाण्याचे कॅन घेऊन टेकडी चढायचा. मला माहीत होतं कुठे लागेल ते. तिथेच बोलले.

१७ फेब्रुवारी

वनखात्याच्या साहेबांना भेटले. बाईंना सोबत नेलं. गाइड म्हणून त्या मला जितक्या सोलतात तितक्याच बाहेर उपयोगी पडतात, त्यांच्यापुढे लोक जरा सरळ बसतात.

साहेब तसे बरे. म्हणाले, दाखवा कुठे आहे तुमची वनस्पती, आत्ता जाऊ. आत्ता कुठून दाखवू? पावसाळा संपला की वेल वाळतो, वाऱ्याने उडून जातो. खाली कंद राहतो. पुढचा पाऊस पडेपर्यंत वर खूण नाही.

"म्हणजे आहे, पण दिसत नाही, आणि आम्ही विश्वास ठेवायचा."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

तडजोड झाली. बाकी टेकडीवर खड्डे मेमध्ये. प. उतार जुलैपर्यंत थांबेल. जुलैत येऊन बघतील, जिवंत वेल दाखवायचे. दाखवले तर उतार सोडून देतील, वर कुंपणही. नाही तर खड्डे. सगळं तोंडी. पण शब्दाचा माणूस वाटला.

माझं सगळं काम त्या एका तुकड्यावर अडकलंय. प्रबंध अडकलाय ते ठीक, प्रबंध काय, आणखी एक वर्ष. तो उतार गेला तर पुन्हा बघायला तो नसणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

पप्पा दोन आठवडे माझ्याशी आईमार्फत बोलत होते. "तिला विचार, गाडीची किल्ली कुठंय." आज सकाळी एकदम म्हणाले, "सुजाता, दाखव तरी काय आहे ते."

नेलं. नेऊ नये. आम्हा वनस्पतीवाल्यांत ठिकाण सांगायचं नाही हा पहिला नियम आहे. आईवडील, मैत्रिणी, कुणाला नाही. नर्सरीवाले कंद उपटून नेतात, छंदी लोक तर पत्ता लागला की रात्रीतून येतात. लेखातसुद्धा आम्ही टेकडीचं नाव गाळतो. पण पप्पा. त्यांना नाही दाखवायचं तर कुणाला.

गुडघा धरून उतारावर बसले. मी दगड दाखवले, प्रत्येक कंदाशेजारी एक, खालच्या बाजूला पिवळा ठिपका. सगळीकडे वाळकं कुसळी गवत, मुरूम, फुफाटा.

"या खाली?"

"हो. छोट्या बटाट्याएवढा."

"जिवंत?"

"जिवंत. पावसाळ्यात बघा, बोटाएवढं फूल येतं, कंदिलासारखं. आत माशी शिरते, थोडा वेळ अडकते, मग सुटते."

"तोवर पाण्याशिवाय?"

म्हटलं, पाण्याशिवाय. एक एक करून दगडांवरून हात फिरवला त्यांनी. मग म्हणाले, "आपलेच आहेत म्हणजे." मला रडू येईलसं झालं. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, गुडघ्यासाठी म्हणून.

१६ मार्च

मंडळाच्या बैठकीत पप्पांनी उभं राहून सांगितलं, पश्चिम उतारावर झाडं लावायची नाहीत. शेंडे काका चाट पडले. मंडळ दोघांनी मिळून काढलेलं. शेंडे काका म्हणाले, "मुलीनं शिकवलेलं दिसतंय." पप्पा म्हणाले, "हो. तुमच्या मुलाला जमत असेल तर त्यानंही शिकवावं." काकांचा मुलगा परदेशात असतो, वर्षातून एक फोन. हे बोलायला नको होतं. आमच्या घरात हा गुण कुठून आला ते कळलं.

आई: "इतक्या वर्षांची मैत्री, गवतापायी."

मला मात्र आनंद झाला. लपवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामासाठी पप्पा कुणाशी तरी भांडले.

२ एप्रिल

उद्यापासून मी पाच आठवडे बाहेर. बाईंनी जिल्ह्यातल्या बाकीच्या टेकड्या आणि पठारं वाटून दिलीत, प्रत्येक ठिकाणी जमिनीवर चौकट टाकून बघायचं, काय उरलंय, कंद, गवत. शहरातल्या टेकड्यांवर कंदवाल्या वनस्पती का संपल्या हा मूळ प्रश्न. सावली हे एक कारण. पण नुसती सावली पुरत नाही. जिथे सावली नाही तिथेही गेल्यात. बाई म्हणतात, काहीतरी आपल्या नजरेतून सुटतंय.

पप्पा हल्ली संध्याकाळीही टेकडीवर जातात. मंडळातले कमी बोलतात तर एकटेच जातात. गुडघा दुखतो म्हणून आई ओरडते.

१४ एप्रिल

एका दिवसासाठी घरी. जयंतीला घरी नाही म्हणजे आई वर्षभर ऐकवेल. विहारात जायला सगळे तयार आणि पप्पा गायब. पांढऱ्या शर्टावर चिखलाचे शिंतोडे घेऊन आले. आईने दारातच शर्ट काढून घेतला. "आजच्या दिवशी तरी." पप्पा हसले. "बाबासाहेबांनी तळं खुलं केलं, मी कॅन उचलला तर काय बिघडलं."

छान दिसत होते. गालावर उन्हाने काळा पट्टा आलाय.

९ मे

परत आले. शरीर भाजून निघालंय. घरी वेगळीच बातमी: परवा टेकडीवर पप्पांना चक्कर आली. शेंडे काकांनीच खाली आणलं, रिक्षा केली, मग भांडणाची आठवण झाली असेल, बोलले नाहीत, निघून गेले. डॉक्टर म्हणाले वजन उचलायचं नाही.

मी चिडले. पप्पा, तुमच्या त्या झाडांना आता पाणी नको, मोठी झालीत ती. तर म्हणतात, "थोडे दिवस राहिलेत. मग बंद."

आता कॅन बंद, पण बाटल्या चालू. एका पिशवीत चार, दोन खेपा. आईने विचारलं, एवढं काय आहे तिथे? म्हणाले, आहे.

मी खोलात गेले नाही. थकले होते. माझं डोकं आकड्यांत होतं.

१९ जून

पाऊस होऊन गेला. टेकडी वर वर हिरवी दिसायला लागलीय. प. उतारावर गेले, धावतच. दगड सगळे जागेवर. एकही कोंब नाही.

दुसरं काहीतरी आहे. प्रत्येक दगडाभोवती परातीएवढं हिरवंगार. बाकी उतारावर गवत आत्ता कुठे डोकं काढतंय आणि इथे गाजरगवत चक्क फुललंय. फुललेलं, म्हणजे पावसाच्या आधीपासूनचं. गाजरगवत या मुरमाड उतारावर मी कधी पाहिलेलं नाही. त्याला ओल लागते.

उशीर असेल. दोन वर्षांपूर्वीही झाला होता.

२८ जून

उशीर नाही.

एक उकरला. बोटाने माती बाजूला केली, कंदाला हात लागला आणि बोट आत गेलं. मऊ. तपकिरी पाणी. वास अजून नखात आहे. दुसरा तसाच. तिसऱ्याची नुसती साल होती. मग मी सगळे उकरले. शास्त्रात बसत नाही, एक दोन नमुने पुरे होते. थांबता आलं नाही.

तिथूनच बाईंना फोन. सांगितलं. त्यांनी विचारलं: "उन्हाळ्यात कुणी पाणी घातलं तिथे?"

म्हटलं, छे बाई, कोण घालणार, कुणाला ठिकाणच माहीत नाही, फक्त

फोन बाईंनीच ठेवला. चांगल्या आहेत.

२८ जून, घरी

पप्पा दारातच. "आलं का वर?"

म्हटलं, अजून नाही.

मग त्यांना राहवलं नाही. मला बसवलं. म्हणाले, फुलं आल्यावर सांगणार होतो, पण आता सांगतो. उन्हाळाभर एक दिवस चुकवला नाही. सकाळी अर्धी बाटली, संध्याकाळी अर्धी, प्रत्येकाला. चक्कर आली त्या दिवशी सकाळची खेप झाली होती, संध्याकाळची राहिली, त्याची चुटपुट लागून राहिली होती. "एवढ्या उन्हात कसे राहत असतील बिचारे, म्हटलं. तू म्हणालीस पाण्याशिवाय राहतात. राहतात म्हणून काय तसंच ठेवायचं?"

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, "बघ, आणि मी ओरडत होते यांना."

मी म्हटलं, उशीर होतो कधी कधी.

नखं साबणाने घासून घासून लाल झालीत. रागच येत नाहीये, हे सगळ्यात वाईट. राग आला असता तर बोलून मोकळी झाले असते.

६ जुलै

रोज विचारतात. आज म्हटलं, पप्पा, बहुतेक साळिंदराने खाल्ले. उकरतात ते कंद.

तर ते स्वतःलाच लावून बसले. "मी रात्री राखण करायला हवी होती. जाळी टाकायला हवी होती." जेवले नाहीत. खोटं बोलून जे वाचवायचं होतं तेच मोडलं. आता साळिंदर अडवायला कसली जाळी मिळते ते शोधतायत, पुढच्या वर्षासाठी. पुढच्या वर्षी काय अडवणार.

१८ जुलै

साहेब आले, म्हटल्याप्रमाणे. मी प. उतारावर उभी, रिकाम्या हाताने.

"मॅडम, वेल?"

सांगितलं, कुजले. कसे ते नाही सांगितलं. त्यांनी विचारलंही नाही. इकडेतिकडे बघितलं, गाजरगवताकडे बघून म्हणाले, "वाढतंय की इथे." मग टोपी सारखी केली. "मी थांबलो होतो. वरून विचारणा होते मला." हो, थांबले होते. त्यांना दोष देता येत नाही.

सोमवारपासून खड्डे.

२१ जुलै

बाईंकडे बसले दिवसभर. पप्पांनी कधी, किती पाणी घातलं तेही सांगितलं. उन्हाळ्यातल्या सगळ्या टेकड्यांची माहिती आणि आमची टेकडी शेजारी शेजारी मांडली. बाईंनी एकेक टेकडीवर बोट ठेवत विचारलं: इथे मंडळ आहे? आहे. उन्हाळ्यात झाडांना पाणी घालतात? घालतात. कंद आहेत? नाहीत. इथे? मंडळ नाही. कंद? आहेत, थोडे. असं खालपर्यंत. एक दोन अपवाद. सुटलं होतं ते हेच. या शहरातला भला माणूस सकाळी बाटली घेऊन टेकडी चढतो, झाडाच्या बुंध्याशी पाणी ओततो, आणि आजूबाजूला जमिनीत जे काही निजलेलं असेल ते भर उन्हाळ्यात भिजून कुजतं. वर्षानुवर्षं.

बाई म्हणाल्या, हे अजून सिद्ध नाही, पण दिशा आहे. आणि आपल्याकडे एकच जागा अशी आहे जिथे आधी कंद होते हे नोंदलंय, पाणी कधी आणि किती घातलं ते माहितीये, आणि मग ते मेले. "सुजाता, प्रबंध इथे उभा राहतो." मग माझ्याकडे बघून: "तू ठरव. मी घाई करणार नाही."

म्हणजे पप्पांच्या बाटल्यांवर मी डॉक्टर होणार. किळस आली. स्वतःची, कारण टेकड्यांची ती जुळणी दिसल्यावर पहिला एक क्षण मला आनंद झाला होता.

२४ जुलै

शेंडे काका घरी आले, पेढे घेऊन. प. उतारावर खड्डे झाले, त्याचे. समेट. पप्पांना म्हणाले, झालं गेलं सोडा. रविवारी शहरातल्या सगळ्या टेकड्यांच्या मंडळांचा मेळावा आहे, तुम्ही बोलायचं. भर उन्हात, तब्येत बिघडली तरी तुम्ही पाणी थांबवलं नाही, हे नव्या लोकांना कळू दे.

पप्पा लाजले. किती वर्षांनी त्यांना असं पाहिलं. आईने पेढा माझ्या हातावर ठेवला. खाल्ला.

रविवारी पप्पा उभे राहून सगळ्या टेकड्यांना सांगणार, उन्हाळाभर पाणी घाला.

२६ जुलै, शनिवार

सांगितलं.

दुपारी, आई शेजारी गेली होती तेव्हा. पप्पा, साळिंदर नव्हतं. मग सगळं. कंद उन्हाळ्यात कोरडे राहिले तरच जगतात, भिजले तर कुजतात. पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदा पाण्याच्या भांड्याकडे हात नेला आणि परत घेतला.

"तुला कधी कळलं?"

"उकरले त्या दिवशी."

"मग इतके दिवस?"

त्यांनी पुढचं विचारलं ते मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट होतं. "आणि बाकीच्या टेकडीवर? जिथे आम्ही आधीपासून घालतोय?"

म्हटलं, तिथे आधी काय होतं ते कुणी बघून ठेवलेलं नाही, पप्पा.

"म्हणजे असेल."

"असेल."

मी म्हटलं, तुम्ही प्रेमाने केलंत. तर म्हणाले, "ते तुझ्या वहीत कुठे लिहिणारेस?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. बाईंचं म्हणणं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. फॅक्टरीत ते तपासणीवर होते. म्हणाले, लॉट बिघडला की कुणाच्या हातून ते लिहायचंच असतं, नाहीतर पुढचाही तसाच निघतो. "लिही. नाव घाल."

आम्ही नाव घालत नाही, म्हटलं. 'स्थानिक नागरिक' म्हणतो.

"मी काय स्थानिक नागरिक आहे?"

२७ जुलै, रविवार

सकाळी इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, तू येऊ नकोस. मला वाटलं होतं जाणारच नाहीत.

दुपार उलटल्यावर आले. आईला काहीच माहीत नाही, ती विचारत होती, हार घातला का, फोटो काढले का. पप्पा खुर्चीत बसून मोजे काढत होते.

"काय बोललात?" मी.

"जे झालं ते. माझ्या हातून मेले म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात पाणी घालण्याआधी खाली काय आहे ते विचारा, म्हटलं."

"मग?"

"हसले. आधी वाटलं गंमत करतोय. मग शेंडे उठला, म्हणाला, पाण्याने कधी कुणी मेलंय का, यांना ऊन लागलंय तेव्हापासून असं होतंय. माईक काढून घेतला. चांगल्या शब्दांत." दुसरा मोजा निघत नव्हता, गुडघा वाकत नाही. मी खाली बसून काढला. "पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या टेकड्यांवर टाक्या बसवायचं ठरलं. टाळ्या वाजल्या."

आई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग आत गेली.

पप्पांनी मोजे एकात एक गुंडाळले. मग म्हणाले, "अजून कुठे आहेत का गं ही फुलं?"

मागच्या आठवड्यात मला एक जागा मिळालीय. दूर, मंडळ नसलेली टेकडी. दोन वेल, अजून कळी नाही, तेच आहे की दुसरं काही ते सांगता येत नाही. बाईंना सोडून कुणाला बोलले नाही. मी तोंड उघडलं.

त्यांनी हात वर केला. "नको. कुठे असली तरी मला सांगू नकोस."

आणि पाय धुवायला गेले.

मी सांगणारच नव्हते. 'नाहीत' म्हणायलाच तोंड उघडलं होतं. ते त्यांना दिसलं की नाही, कळत नाही.